एकोणीस मेंढ्या

परिषदेचं पत्र बोटीच्या टपालाने आलं,
कोपऱ्याला ओल, पाकिटाला खारट वास.
एकतीस तारखेपर्यंत शुल्क भरावे,
अन्यथा आपणांस ही उपाधी वापरता येणार नाही.

अडतीस वर्षं भरत आले, दर दोन वर्षांनी.
मॅग्नस होता तेव्हा म्हणायचा,
ह्या पैशात एक चांगली मेंढी आली असती, ओस्ला.
काल पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
एकोणीस मेंढ्या.
एवढा कळप देऊन मी एक शब्द भाड्याने घेतला,
आणि तोही असा,
की अख्ख्या बेटावर कुणाच्या जिभेला वळला नाही.

पोडियाट्रिस्ट.
म्हाताऱ्या लोवीला ते एखाद्या दुखण्याचं नाव वाटायचं.
दारोदारी मी नुसती 'पायवाली'.
पायवाली आली, मोजे काढा, पाणी तापवा.

बूट उतरला की माणूस फारसं खोटं बोलत नाही.
जाळी ओढणाऱ्यांची शिंगासारखी नखं कापली मी,
आणि मॅन्सी हॅल्क्रोचं ते सहावं बोट पाहिलं
जे त्याने चाळीस वर्षं बायकोपासून लपवलं होतं.
(तिला ठाऊक होतं. तिचेही पाय माझ्याकडेच असायचे.)

कुरकुर मीही केली, नाही कशी?
लर्विकच्या सभेत उभी राहून विचारलं,
राबणाऱ्यानेच राबण्याची परवानगी विकत घ्यायची,
हा कुठला न्याय?
टाळ्या पडल्या. चहा थंड होता.

मग बंदरापाशी तो आला, दक्षिणेकडचा,
गोड बोलणारा, गरम टॉवेल, लॅव्हेंडरचं तेल.
पाटीवर लिहिलं होतं 'पाऊल-तज्ज्ञ'.
त्या शब्दाला कायद्याची राखण नव्हती,
कुणीही उचलावा, कुणीही दाराला टांगावा.
टॉमी इंकस्टर तिथे कुरूप कापून घ्यायचा, निम्म्या पैशात.
टॉमीला साखर. ते त्याने विचारलं नाही, ह्याने सांगितलं नाही.
माझ्याकडे आला तेव्हा मी तळव्याला टाचणी लावली,
आणि टॉमी हवामानाबद्दल बोलत राहिला.

आधी अंगठा गेला. मग अर्धं पाऊल.
आणि तो गोड माणूस सकाळच्या बोटीने गेला,
पाटी काखेत मारून.
त्याच्याकडून काढून घेण्यासारखं
कुणापाशी काही नव्हतंच.

माझ्याकडे होतं.
एका वर्षी माझ्याविरुद्ध तक्रार गेली होती.
दोन दिवस मी तीन अनोळखी माणसांसमोर बसले,
प्रत्येक टाक्याचा, प्रत्येक तारखेचा जाब देत.
त्यांच्या बिस्किटांचे पैसे माझ्याच शुल्कातले,
हे मनात येऊन हसूही आलं, रागही.
चूक माझी होती. अर्धी.
ताकीद देऊन शब्द परत दिला त्यांनी,
आणि बाहेर येऊन मी पायरीवर बसून रडले,
जणू कुणी हरवलेलं मूल हातात दिलं.
त्या दिवशी कळलं कशाचे पैसे भरतो ते:
आपलं काहीतरी
दुसऱ्याला हिरावता यावं, याचे.

ह्या खेपेला भरले नाहीत.
डोळे अधू झालेत, गुडघे वाकत नाहीत.
एकतीस तारखेला पाटी काढायला घेतली,
तीन स्क्रू निघाले, चौथा गंजून बसला.
तशीच लोंबतेय, वाऱ्याला कुरकुरत.

पहिल्या तारखेला शेजारची रुबीना दारात,
मोजा आधीच काढलेला, टाच पुढे.
म्हटलं, मी आता ती राहिले नाही.
म्हणे, ती म्हणजे कोण?
हात पाठीशी बांधून लांबूनच पाहिलं.
त्या नव्या मुलीकडे जा, म्हटलं, लर्विकला,
आणि आधी तिचं नाव नोंदवहीत आहे का बघ.
माझ्या वेळी बघितलं होतंस का?
नाही म्हणाली.
बघायला हवं होतंस.

मग खाली बसले, गुडघा कडकडला,
आणि तिला मोजा तेवढा चढवून दिला.